मरणोत्तर बदल व शवपरीक्षा (आर्वी, जि. वर्धा)

प्राण गेल्यानंतर देहात क्रमाक्रमाने घडून येणारी भौतिक, रासायनिक व जैविक स्थित्यंतरे आणि त्यांच्या आधारे मृत्यूचे कारण, प्रकार व काळ निश्चित करण्यासाठी केली जाणारी शवाची शास्त्रोक्त तपासणी, या दोहोंचे विवेचन ग्रंथांतून बहुधा स्थलनिरपेक्ष रीतीने केलेले आढळते. परंतु वर्धा नदीच्या खोऱ्यातील आर्वीसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात, जेथे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेथे थंड प्रदेशांतील निरीक्षणांवरून बेतलेली कोष्टके जशीच्या तशी लावली, तर काळाचा अंदाज चुकतो आणि त्या चुकीची किंमत न्यायालयात उभ्या असलेल्या एखाद्या माणसाला मोजावी लागते.

मृत्यू एका क्षणी येतो ही लोकव्यवहारातील समजूत पेशींच्या बाबतीत खरी नाही. हृदय व श्वसन थांबल्यावर मेंदूतील पेशी प्राणवायूवाचून तीन ते पाच मिनिटांत कायमच्या निकामी होतात. स्नायू मात्र विजेच्या उद्दीपनाला काही तास प्रतिसाद देतात, आणि डोळ्याची पारदर्शक पटले सहा तासांपर्यंत काढून दुसऱ्यास बसविता येतात, म्हणूनच नेत्रदानाला मुदत असते. प्राणवायू थांबला की तंतुकणिकांतील एटीपी या ऊर्जावाहक रेणूची निर्मिती बंद पडते, पेशीपटलावरील सोडियम-पोटॅशियमची देवघेव राखणारी यंत्रणा थंडावते, पाणी आत शिरून पेशी फुगते आणि पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. डोळ्यातील काचाभ द्रवात हे पोटॅशियम तासागणिक वाढत जाते व त्याच्या मापनाने मृत्यूच्या वेळेचा तर्क करता येतो. अखेर लयकारिकांची आवरणे फाटून त्यांतील विकरे स्वतःच्याच पेशीला विरघळवितात. या स्वविलयनाला जंतूंची गरज नसते. स्वादुपिंड व जठराचे आतील अस्तर त्याला सर्वांत आधी बळी पडते.

बाह्य चिन्हांपैकी शव थंड होत जाणे हे चिन्ह पाश्चात्त्य ग्रंथकारांचे मोठे आवडते. पण वऱ्हाड-वर्ध्याच्या उन्हाळ्यात शेताच्या बांधावर दुपारी पडलेले शव थंड होत नाही, उलट भोवतालची हवाच देहाच्या ३७ अंशांहून अधिक तापलेली असल्यामुळे ते तापते. उष्माघाताने मरण आले असेल तर आरंभीचेच तापमान ४१ अंशांच्या वर असते. अशा प्रसंगी तापमापकावरून तास सांगू पाहणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी वकिलाने अवश्य करावी. रक्त खालच्या बाजूस साठून उमटणारे जांभळे डाग अर्ध्या तासात दिसू लागतात व सहा ते आठ तासांत पक्के होतात. त्यांचा उपयोग वेळेपेक्षा स्थिती ओळखण्यास अधिक. गळफासाच्या शवात ते पायांत व हातांच्या टोकांकडे असावयाचे. पाठीवर पक्के झालेले आढळल्यास शव मागाहून लटकविले असावे, असा संशय घेण्यास जागा राहते.

स्नायूंचे काठिण्य एटीपी संपल्यामुळे येते, कारण ॲक्टिन व मायोसिन यांची जोडणी सोडविण्यासच एटीपी लागतो. पापण्या व जबडा येथून आरंभ होऊन ते खाली उतरते. बारा तासांत सर्वांगी येते, बारा तास टिकते व बारा तासांत जाते, हा पाठ सोयीचा असला तरी उन्हाळ्यात संपूर्ण क्रम बराच आधी आटोपतो. झटके येऊन मृत्यू झाल्यास स्नायूंतील एटीपीचा साठा आधीच खर्ची पडल्याने काठिण्य लवकर येते. पुढे आतड्यांतील जंतूंमुळे उजव्या बाजूच्या ओटीपोटावर हिरवट छटा येते. हायड्रोजन सल्फाइड व हिमोग्लोबिन यांच्या संयोगाने येणारी ही छटा उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत दिसते, हिवाळ्यात तिला एक-दोन दिवस लागतात.

अपघाती, संशयास्पद वा आत्मघाताचा मृत्यू पोलीस दफ्तरात मर्ग म्हणून नोंदला जातो; नंतर दोन वा अधिक पंचांसमक्ष मरणोन्वेषण पंचनामा होऊन शव उपजिल्हा रुग्णालयात रवाना होते. यास आधार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ चा होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ चा आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून चौकशी होते. मामला बहुधा तहसीलदार अथवा नायब तहसीलदाराकडे येतो. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याचा जुना परिपाठ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये शिथिल केला. पण खून, आत्महत्या, बलात्कार आणि कुजलेली शवे यांना सामान्यतः वगळले.

शवपरीक्षेत डोके, छाती व पोट या तिन्ही पोकळ्या उघडणे बंधनकारक मानतात. केवळ दिसती जखम तपासून अहवाल देणे ही चूक नव्हे, हलगर्जी होय. प्रत्यक्षात अनेक ग्रामीण शवागारांत छेद परिचर घेतो व डॉक्टर पाहून लिहितो, ही व्यवस्था सर्वांना ठाऊक असूनही कागदावर कधी येत नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेचा संशय असल्यास, आणि कापसाच्या मुलुखात तो वारंवार असतो, जठर व त्यातील पदार्थ, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, यकृत, प्लीहा व मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग व्हिसेरा म्हणून राखून नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे मोहोरबंद पाठवितात. ते संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवितात. लोणच्याप्रमाणेच येथेही मीठ जंतूंतील पाणी शोषून कुजणे रोखते. अहवाल येईपर्यंत कारण ‘राखून’ असते आणि विम्याचा दावा वा शासकीय मदत तोवर अडून राहते.

आर्वीच्या संदर्भात एका प्रकरणाचा उल्लेख टाळता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अल्पवयीन मुलीच्या अवैध गर्भपाताच्या तपासात येथील एका खाजगी रुग्णालयाच्या आवारातील गोबर गॅसच्या टाकीतून अर्भकांच्या कवट्या व हाडे मिळून साठांहून अधिक अवशेष पोलिसांनी काढले. अशा टाकीत हवेवाचून वाढणारे जंतू मृदू ऊती संपूर्ण पचवितात. म्हणून काठिण्य, डाग, हिरवट छटा यांपैकी मागे काही उरत नाही व वर दिलेली सर्व कालमाने निरुपयोगी ठरतात. उरते ते कॅल्शियम फॉस्फेटने बांधलेले हाड. गर्भाचे वय महिन्यांत काढण्यासाठी हासे या शास्त्रज्ञाचा नियम आहे: पाचव्या महिन्यापर्यंत सेंटीमीटरमधील लांबीचे वर्गमूळ काढावे व पुढे लांबीस पाचाने भागावे. मात्र त्यास अखंड गर्भ हवा. सुट्या अवशेषांत लांब हाडांची मोजमापे व अस्थीभवनाची केंद्रे पाहावी लागतात. टाचेच्या हाडातील केंद्र सुमारे पाचव्या महिन्यात, घोट्याच्या हाडातील सातव्यात व मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातील नवव्यात प्रकटते. गर्भपातास कायद्याने २० आठवडे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट स्त्रियांसाठी २४ आठवडे, ही मर्यादा घातलेली असल्यामुळे टाचेतील तो दाण्याएवढा ठिपका खटल्यात निर्णायक ठरू शकतो. आणि गाळ उपसताना सर्वांत आधी हरवण्याजोगाही तोच. यास्तव असा गाळ फावड्याने न काढता बारीक चाळणीतून गाळून घेणे इष्ट.

पितृत्व वा मातृत्व ठरविण्यास डीएनए लागतो. अस्थिपेशी खनिजाने वेढलेल्या सूक्ष्म गर्तिकांत बंदिस्त असल्याने पेशी मेल्यावरही त्यांतील डीएनए त्या खनिजाला चिकटून दीर्घकाळ टिकतो. कवटीतील कानाच्या आतील भागाचे हाड अतिशय घट्ट असल्याने त्यातून तो मिळण्याची शक्यता विशेष. उष्णता व ओल त्यास बाधक असतात, म्हणून अवशेष धुऊन, सावलीत वाळवून कागदी लिफाफ्यात ठेवितात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मुद्देमाल आतल्या दमटपणाने प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खराब होतो.