कुत्र्या-मांजरांच्या केसांची निगा : गोठ्यातली बाटली त्यांच्या अंगावर ओतू नका

तालुक्याच्या गावांत आता ‘पेट पार्लर’चे बोर्ड दिसायला लागलेत. कुत्र्याला आंघोळ घालायला दुकान? म्हणून बरेच जण हसतात. पण तिथं होतं काय, तर केस विंचरणं, नखं कापणं, कान पुसणं, आंघोळ घालणं, अंग कोरडं करणं आणि गरज असेल तर केस कापणं. हे सगळं करताना माणूस जनावराच्या सगळ्या अंगावरून हात फिरवतो. गोचीड, जखम, गाठ, खरूज तेव्हाच सापडते. खरं काम हे आहे, सेंटचा वास नंतरचा.

गावात हे काम घरच्यांनाच करावं लागतं. आणि इथंच एक मोठी चूक होते. कुत्र्याला गोचीड झाले की गोठ्यात ठेवलेली गाई-म्हशींच्या गोचिडांची बाटली काढायची, अंदाजानं पाण्यात टाकायची आणि अंगावर ओतायची. म्हणून आधी औषधाचं बोलू, फणीचं नंतर.

मांजराला हे औषध म्हणजे विष

गुरांवर फवारायच्या बऱ्याच औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ही सगळी एकाच घराण्यातली. कुत्र्याचं शरीर योग्य प्रमाणातलं औषध पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही, कारण त्यासाठी लागणारी यंत्रणाच त्याच्याकडे कमी असते. वर मांजर दिवसभर स्वतःचं अंग चाटतं, म्हणजे अंगावर पडलेलं थेट पोटात जातं. तोंडाला लाळ सुटते, कान-कातडी फडफडते, अंग थरथरतं, झटके येतात. उपचार मिळाले नाहीत तर मांजर दगावतं. मांजरावर सरळ औषध टाकलेलं नसलं तरी हे घडू शकतं. औषध लावलेल्या कुत्र्याला चिकटून मांजर झोपलं तरी पुरे. त्यामुळे कुत्र्याला असं औषध लावलं की दोन-तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा.

कुत्र्याला ही औषधं डॉक्टरही देतात, नाही असं नाही. पण ते वजन बघून, पिल्लू आहे का, कुत्री गाभण आहे का, अंगावर जखम आहे का हे बघून देतात. ‘दोन झाकणं टाक’ हे प्रमाण नव्हे.

खरजेवर जळकं ऑइल लावायची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे. गाडीचं काढलेलं ऑइल कुत्रं चाटतं, ते पोटात जातं आणि कातडी भाजते ती वेगळीच. रॉकेलचंही तेच. फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक मांजराच्या अंगाला तर अजिबात लावू नका.

चुकून लावलंच गेलं तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं पातळ लिक्विड घेऊन अंग धुवा, टॉवेलनं कोरडं करा, उबेला ठेवा. उलटी करायला लावू नका, तोंडात दूध-तूप ओतू नका. औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो घेऊन दवाखाना गाठा. लेबल दिसलं की डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. तो लावून जवळ कोण उपलब्ध आहे ते विचारता येतं.

गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आणि गुरांवरचा गोचीड या दोन वेगळ्या जाती. गुरांवरचा एकाच जनावरावर लहानाचा मोठा होतो. कुत्र्यावरचा तसा नाही. तो रक्त पितो, खाली पडतो, भिंतीच्या फटीत कात टाकतो आणि परत कुत्र्यावर चढतो, असं तीनदा. मादी शेवटी फटीत जाऊन हजारांच्या घरात अंडी घालते. उपाशीपोटी तो महिनोन्‌महिने जगतो. म्हणून कुत्र्याला कितीही धुतलं तरी आठ दिवसांत अंग पुन्हा भरलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, औषध बोगस निघालं. औषध बोगस नसतं, कुत्रं बसतं ती जागा तशीच राहिलेली असते. तिथल्या भिंतीच्या, ओट्याच्या, दाराच्या चौकटीच्या फटी बुजवा. खालचं पोतं आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. कोंबड्या गोचीड टिपतात हे खरं आहे, पण फटीत त्यांची चोच पोचत नाही.

अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा. बोटांनी चिरडायचा नाही, काडी लावायची नाही. काढलेले साबणाच्या पाण्यात बुडवा. कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात जास्त सापडतात.

गोचिडांमुळे कुत्र्याला एर्लिचिया आणि बॅबेसिया हे आजार होतात. ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी काळ्या चहासारखी होते. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळेत गेलं तर यावर औषध आहे. गोचीड काढताना ओठ वर करून हिरड्या बघायची सवय लावा. निरोगी हिरडी गुलाबी असते, काही कुत्र्यांची मुळातच काळी असते. तशा वेळी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

पिसवा आहेत की नुसती धूळ, हे ओळखायला सोपं आहे. बारीक फणीनं विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. भोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

आधी फणी, मग पाणी

आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड, त्याला फार काही लागत नाही. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश किंवा खरखरीत फडकं फिरवलं तरी भागतं. कारवानी कुत्र्यातल्या पश्मीचं वेगळं आहे. कानावर, पायांच्या मागं आणि शेपटीला त्याला रेशमी झालर असते आणि रानातून आलं की तिच्यात सगळं अडकलेलं असतं. पामेरियन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांना दोन थरांचे केस असतात, वर राठ आणि खाली मऊ लोकर. ही लोकर विंचरून काढली नाही तर तिचा गुंता होतो.

गुंता म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. त्याच्याखाली हवा लागत नाही, ओल साचते, कातडी कुजते. पावसाळ्यात अशा ठिकाणी माशी अंडी घालते आणि वरून काही न दिसता आत अळ्या पडतात. वास आला, कुत्रं एकच जागा सारखी चाटायला लागलं की केस बाजूला करून बघा. अळ्या दिसल्या तर त्यावर घरातलं काही ओतत बसू नका, दवाखान्यात न्या.

गुंता असताना आंघोळ घातली तर तो आणखी आवळतो, म्हणून विंचरणं आधी. बोटांनी सोडवत, टोकाकडून मुळाकडे या. कात्री लावू नका, गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते आणि केसांबरोबर तीही कापली जाते. मांजराची कातडी तर फारच पातळ. असा गुंता ट्रिमरनं काढतात.

पाऊस सरताना माळावर कुसळं तयार होतात. कुसळाचं टोक भाल्यासारखं असतं, एकदा घुसलं की पुढंच सरकतं. कानात गेलं तर कुत्रं डोकं झटकत राहतं, बोटांच्या बेचक्यात गेलं तर लंगडतं आणि तिथं फोड येतो. रानातून आल्यावर चारही पाय उचलून बघा, सराटेही तेव्हाच निघतील.

आंघोळ किती?

कुत्र्याला उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांनी, थंडीत त्याहून कमी. रोज धुतलं तर कातडीवरचं नैसर्गिक तेल जातं आणि खाज सुटते. आपला साबण नको. माणसाची कातडी थोडी आम्ल असते, कुत्र्याची तेवढी नसते. कुत्र्यांचा शाम्पू घ्या आणि फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला. कानात पाणी जाऊ देऊ नका. आंघोळीनंतर कोरडं करणं हे निम्मं काम आहे, पावसाळ्यात तर जास्तच.

उन्हाळा आला की कुत्र्याला गार वाटावं म्हणून टक्कल करून आणतात. दोन थरांच्या कुत्र्याला हे करू नका. तो थर उन्हापासून आडोसा असतो, काढला की कातडी भाजते आणि काहींचे केस नंतर नीट येतच नाहीत. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घामेजत नाही, धापा टाकून गार होतं. त्याला सावली आणि पाण्याचं भांडं द्या.

नखांचं थोडक्यात. मातीत पळणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, पण पायाच्या आतल्या बाजूचं वरचं सुटं नख जमिनीला लागत नाही. ते वळून मांसात घुसतं, तेवढं बघत जा. रक्त निघालं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

मांजर आपलं आपण बघतं, पण

मांजराच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात, तीच त्याची फणी. साध्या मांजराला आंघोळ लागत नाही. शहरातून आणलेल्या पर्शियनला मात्र रोज विंचरावं लागतं, नाहीतर केस पोटात जाऊन गोळे होतात. मांजरानं अंग चाटणं सोडलं, केस तेलकट, उभे दिसायला लागले तर ते आळशी झालेलं नाही. तोंडात दुखतंय, ताप आहे किंवा वय झालंय, यातलं काहीतरी आहे.

गोल टक्कल आणि कडेला कोंडा दिसला तर नायटा असू शकतो. हा मांजराकडून माणसाला होतो, लहान पोरांना लवकर. खात्री होईपर्यंत मांजर पोरांच्या अंथरुणात नको, हात लावल्यावर साबणानं धुवा.

पार्लरला नेताना

जे पार्लर लसीकरणाचं कार्ड मागत नाही तिथं थांबू नका, कारण तिथं बाकीच्यांचंही मागितलेलं नसणार. फण्या आणि ब्लेड दोन जनावरांच्या मध्ये धुतात का, ड्रायर चालू असताना माणूस जवळ असतो का, ते बघा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम हवेत लवकर धाप लागते. कुत्रं शांत राहावं म्हणून गोळी किंवा इंजेक्शन देतो म्हणाले तर नको म्हणा, ते फक्त डॉक्टरांनी तपासून द्यायचं.

घरी करा की पार्लरमध्ये, रेबीजची लस आधी हवी. पहिली साधारण तीन महिन्यांच्या वयात, पुढं डॉक्टर सांगतील तशी. विंचरताना चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, मिरची काही भरू नका. आणि घरचंच कुत्रं आहे, घरचंच मांजर आहे म्हणून न थांबता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.