तापीचं पाणी, आश्विनातलं ऊन आणि आपले अठरा वाफे

सोसायटीचा इतिहास म्हटला की प्लॉटची खरेदी, कर्जाचे हप्ते, बोअर आणि कन्व्हेयन्स. हे सगळं या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे मागच्या बागेचा विषय दिला. मी तो आनंदाने घेतला, कारण दिवाळीनंतर विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि त्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं का, हा विषय सभेपुढे आहे. बँकेत आम्ही कुठलंही खातं बंद करण्यापूर्वी जुना उतारा काढून बघत असू. हा त्या बागेचा उतारा समजा.

सुरुवात जरा लांबून करतो. घराभोवती फुलं आणि भाजी एकत्र लावायची शहरी पद्धत भुसावळात रेल्वेने रुजवली. तापीकाठची शेती जुनीच, पण भुसावळ हे लहानसं गाव होतं. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथे आली, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत रूळ जोडले गेले आणि गावाचं जंक्शन झालं. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची तहान. म्हणून तापीचं पाणी उपसून आणलं गेलं, आणि जिथे इंजिनाला पाणी तिथे कॉलनीलाही पाणी. साहेबांच्या बंगल्यांपुढे गुलाब आले, मागच्या बाजूला कोबी-फ्लॉवर आला. पुढे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनीही ते उचललं. पंधरा बंगल्याकडून फिरायला जाणाऱ्या जुन्या मंडळींना कुंपणावरच्या वेली आठवत असतील.

गंमत अशी, की साहेबाच्या मुलखात शरद म्हणजे बाग झाकून ठेवायचे दिवस. पानं गोळा करायची, कंद काढून ठेवायचे आणि थंडीची वाट बघायची. इथे आल्यावर त्याला सगळं पंचांगच उलटं करावं लागलं. आपल्याकडे आश्विन म्हणजे बागेचा पाडवा. फ्लॉक्स, पिटुनिया, अ‍ॅस्टर, कॅलेंडुला ही फुलं त्यांच्याकडे उन्हाळ्यात फुलतात, ती इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून थंडीत फुलवावी लागतात. बी आधी बोटीने यायचं. नंतर आपल्याकडेही बियाण्याची दुकानं उभी राहिली. पुण्याच्या पेस्तनजी पोचांचं दुकान १८८४ चं. त्यांची चित्रांची पाकिटं माझ्या पिढीतल्या अनेकांनी हाताळली असतील.

परक्या आणि आपल्या झाडांचा हिशेब मांडायला बसलं तर मात्र पंचाईत होते. दसऱ्याला झेंडूशिवाय आपलं पान हलत नाही, पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मिरची आणि टोमॅटोही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आले. शेवंती चीनची. फ्लॉवर १८२२ च्या सुमारास इंग्रजांनी सहारनपूरच्या बागेत आणला. आणि अस्सल घरचं कोण, तर वांगं. ते भारतीयच, आणि त्यात आपल्या भागाचा मान मोठा. बामणोदकडचं भरताचं वांगं कोणाला सांगायला नको. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं.

सामायिक बाग ही कल्पनाही नवी नाही. महायुद्धात १९४२-४३ मध्ये सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली, तेव्हा मोकळ्या जागा आणि बंगल्यांची हिरवळ खणून भाज्या लावा असं सांगितलं गेलं. १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी स्वतःच्या सरकारी निवासस्थानाची हिरवळ नांगरली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या वर्गाला शाळेच्या मैदानाच्या कडेला एक पट्टा मिळाला होता. त्यात आम्ही मुळा आणि पालक लावला. मुळे बोटाएवढे झाले, पण सोमवारचा एक वेळचा उपवास आणि ते मुळे यांचा संबंध आम्हाला नीट कळला होता. नंतर १९७२ चा दुष्काळ आला आणि पाण्याची बादली दोनदा वापरायची, हे घराघरांत ठरून गेलं. अगदी अलीकडचं उदाहरण मुंबईचं. पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर २००२ पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली गेली.

आता आपल्याकडे येतो. इमारत झाली तेव्हा मागची जागा म्हणजे डबर, सिमेंटच्या गोण्या आणि गाजरगवत. मंजूर नकाशात ती मोकळी जागा म्हणून दाखवलेली आहे. ती साफ केली रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या आपल्या एका सभासदाने, ते आता हयात नाहीत. मोजून अठरा वाफे पाडले, भिंतीलगतचा पट्टा फुलांसाठी सामायिक ठेवला आणि वाफ्यांच्या चिठ्ठ्या टाकायची पद्धत घातली. वाफ्यातली भाजी ज्याची त्याची, फुलं सगळ्यांची. हा नियम त्यांनी तोंडी सांगितला, तो इतिवृत्तात कुठेही नाही, आणि आजवर तोच सगळ्यात जास्त पाळला गेला आहे. (इतिवृत्तातल्या नियमांबद्दल न बोललेलं बरं!)

बागेचं वर्ष हस्ताच्या पावसानंतर सुरू होतं. आपली काळी माती विचित्र. ओली असताना चपलेला किलो-किलोने चिकटते, वाळली की दगड होते आणि भेगा पडतात. मध्ये चार-पाच दिवस वाफसा येतो, तेवढ्यातच कुदळ चालवायची. परतीचा पाऊस लांबला तर सगळं गणित पुढे जातं. म्हणून त्या दिवसांत सकाळी आपले ज्येष्ठ लोक फिरायला जाण्याऐवजी मातीचा गोळा करून बघताना दिसतात. मुठीत गोळा झाला आणि बोटाने सहज फुटला, की समजायचं, आज खणायचं. मग आघाडा, गाजरगवत, लव्हाळा उपटायचा. लव्हाळ्याची गाठ आत राहिली तर तो पुन्हा वर येतोच. खड्ड्यातलं वर्षाचं खत चाळायचं, वाफ्यात मिसळायचं. मेथी, पालक, कोथिंबीर थेट पेरायची. टोमॅटो, कोबी, फ्लॉवरची रोपं नर्सरीतून आणण्याऐवजी चार नंबरच्या काकू जुन्या ट्रेमध्ये, खाटेच्या सावलीत तयार करतात. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावायच्या, हे काम लहान मुलांना देतात, त्यांची बोटं त्याला बरोबर बसतात.

गुलाबाची छाटणीही याच दिवसांत. पाऊस संपला की जुनी, वाकडी फांदी काढायची, कापलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट लावायची. दीड महिन्याने फुलं येतात. नव्या सभासदांना ती छाटणी क्रूर वाटते. एका सूनबाईंनी तर पहिल्या वर्षी कात्रीच लपवून ठेवली होती. शेवंतीला मात्र आता शेंडा खुडायचा नाही, काठीचा आधार द्यायचा.

कामं ही अशी. मौज त्यात मिसळलेली असते. भाद्रपद पौर्णिमेला मुली भुलाबाई बसवतात, ती कोजागिरीपर्यंत. महिनाभर संध्याकाळी गाणी आणि खिरापत ओळखण्याचा खेळ. आपल्याकडे तो बागेच्या कडेच्या ओट्यावर चालत आला आहे. अलीकडे मुली कमी असतात, क्लासेस असतात, तरी चार-पाच जणी जमतातच. दसऱ्याला सामायिक पट्ट्यातला झेंडू उतरवून प्रत्येक दाराला एक तोरण. कोजागिरीचं दूध तिथेच आटतं. कार्तिकात आवळीभोजनाला आवळा हवा म्हणून कोपऱ्यात एक लावला, तो आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागला आहे.

आणि मग चंपाषष्ठी. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदा-वांगं वर्ज्य, त्यांचा उपवास त्या दिवशी सुटतो. मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी बागेतली आणि बाजारातली वांगी एकत्र करून तुराट्यांच्या जाळावर भाजतात. बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचतात, कांद्याची पात आणि कोथिंबीर आपल्याच वाफ्यातली. सोसायटीत ज्या दोन घरांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, त्यांचं पुन्हा सुरू झालं ते अशाच एका भरताच्या पंगतीत, आधी मीठ मागण्यापुरतं. कुठली घरं ते सगळ्यांना माहीत आहे.

पार्किंगची अडचण खोटी नाही. सुरुवातीला सोसायटीत चारचाकी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आज रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी रस्त्यावर लावावी लागते. तरुण सभासद चिडतात ते बरोबरच आहे. पण मागच्या जागेत फार तर आठ-नऊ गाड्या बसतील आणि त्या आत न्यायला जिन्याजवळची वाट रुंद करावी लागेल. पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात तळमजल्याच्या खिडक्यांखाली ब्लॉक तापतील, पावसाचं पाणी जिरायची उरलेली एकमेव जागाही जाईल. शिवाय नकाशातल्या मोकळ्या जागेचा वापर असा बदलता येतो का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. गेटजवळ पूर्वेकडची, पत्र्याची बंद शेड आहे. ती काढली तर पाच गाड्यांची सोय होते, हे मी टेप लावून मोजलं आहे. मोजमापाचा कागद सचिवांकडे दिला आहे, सभेपूर्वी कोणीही बघावा.

सभेच्या दिवशी लसणाला बोटभर पात आलेली असेल, मेथीची पहिली काढणी झालेली असेल. चिठ्ठ्या या वर्षी नेहमीप्रमाणे टाकल्या आहेत. सतरा नंबरचा वाफा अजून कोणी घेतलेला नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी वाफसा जाण्याआधी सांगावं.