चांदा रेल्वे योजना, 1883 : सहीपूर्वी हिशेब मागणारी माणसे

मे 1883. हैदराबादच्या कॉलेजचे प्राचार्य डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना निजामाच्या राज्यातून हद्दपार करण्यात आले. (सरोजिनी नायडूंचे हे वडील.) एका रेल्वे कराराचा तपशील सही होण्याआधी लोकांसमोर ठेवावा, अशी मागणी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. एवढाच त्यांचा अपराध.

परभणी तेव्हा याच राज्यात होती. करारात चूक झाली, तर तिची भरपाई इथल्या शेतसाऱ्यातूनही होणार होती.

वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग 1874 मध्ये संस्थानाच्या पैशाने सुरू झाला होता. आता लंडनच्या भांडवलदारांचा प्रस्ताव असा होता : नवी कंपनी हा मार्ग ताब्यात घेईल आणि तो पुढे चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, वाढवील. त्या बदल्यात संस्थानाने भांडवलावर 20 वर्षे 5 टक्के व्याजाची हमी द्यावी.

कळीचा शब्द ‘हमी’. उत्पन्न कमी पडले, तर तूट खजिन्यातून भरायची. मग काटकसरीने बांधण्याची गरज कंपनीला काय? ही शंका पोकळ नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात 1849 पासून अशाच हमीवर रेल्वे बांधली जात होती. मैलामागे सुमारे 8,000 पौंड हा आरंभीचा अंदाज. प्रत्यक्ष खर्च दुपटीहून अधिक झाला. हा अनुभव तीस वर्षांचा जुना आणि सर्वज्ञात होता.

बोलणी पहिल्या सालारजंगांच्या काळातच सुरू झाली होती. फेब्रुवारी 1883 मध्ये ते वारले, आणि प्रश्न विचारायला मुल्ला अब्दुल कय्यूम, अघोरनाथ आदी मंडळी पुढे आली. दरबाराने उत्तराऐवजी शिक्षा दिली. पुढे अघोरनाथांना परत बोलावण्यात आले खरे, पण तोवर करार होऊन गेला होता. ज्या चांद्याचे नाव योजनेला होते, तिकडचा मार्ग पूर्ण व्हायला 1920 चे दशक उजाडले.

संस्थानाच्या वतीने ही बोलणी करणारे सरदार अब्दुल हक यांचे नाव 1888 मध्ये पुन्हा गाजले. या वेळी निमित्त डेक्कन मायनिंग कंपनीचे होते. तिच्या 1 लाख समभागांपैकी 85 हजार खाणहक्क मिळवणाऱ्यांनी स्वतःकडेच ठेवले होते. निजाम सरकारसाठी समभाग विकत घेणारे अब्दुल हक विकणाऱ्यांच्या बाजूलाही होते! अखेर ब्रिटिश संसदेच्या समितीला चौकशी करावी लागली. आज संगणक प्रणालीच्या निविदा तपासणाऱ्याचे पुरवठादाराशी हितसंबंध आहेत का, हे आधी विचारतात. तो प्रश्न हैदराबादेत कोणी विचारला नव्हता.

परभणीला आगगाडी आली ती मनमाड–सिकंदराबाद मार्गाने, 1899 ते 1901 दरम्यान, आणि तीही मीटरगेज. अरुंद रूळ बांधायला स्वस्त. परंतु मनमाडला मुंबईचा रूळ रुंद होता. त्यामुळे सेलू, मानवत, परभणीचा मुंबईकडे जाणारा कापूस तिथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. ती हमाली, तो उशीर आणि ती नासधूस बांधकामाच्या अंदाजपत्रकात कशी दिसणार? तो खर्च माल पाठवणाऱ्याच्या माथी होता. कंपनीची रेल्वे निजाम सरकारने 1930 मध्ये विकत घेतली. तरी मनमाड–परभणी रूळ रुंद व्हायला 1990 चे दशक यावे लागले.