अक्षरांवरची जकात

जुन्नरहून पश्चिमेला निघालं की घाटघर लागतं आणि थोडं पुढे नाणेघाट. तिथला दगडी रांजण जकातीचा, असं सगळेच सांगतात. मला मात्र रांजणापेक्षा तिथलं लेणं जास्त ओढतं. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडेसुद्धा त्यात कोरलेत. मध्यंतरी ब्राह्मी लिपी लोक विसरले. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली आणि दोन हजार वर्षांचा हिशेब पुन्हा वाचता आला. त्यासाठी कुणाचा परवाना काढावा लागला नाही.

आता आपली दप्तरं संगणकात गेली आहेत. फाइलमध्ये मजकूर कसा साठवायचा याचे नियम असतात. ते एकाच कंपनीच्या मुठीत राहिले, तर सातबारा सरकारचा आणि किल्ली कंपनीची! मराठी लिहिणाऱ्यांनी हे भोगलंय. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असे. त्या काळात टाइप केलेल्या माझ्या कविता आज उघडल्या, तर ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा दिसतो.

२००६ मध्ये ‘ओडीएफ’ या खुल्या रचनेला ‘आयएसओ’ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. लगोलग मायक्रोसॉफ्टची ‘ओओएक्सएमएल’ ही रचना जलद मार्गाने मंजुरीसाठी आली. मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा. त्यात जुन्या चुकाही जपलेल्या. इसवी सन १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण कंपनीच्या तक्त्यांत ते होतं, म्हणून मानकातही आलं.

आयएसओत एका देशाला एक मत. पण ते मत ठरवणाऱ्या देशोदेशींच्या समित्यांवर कंपन्याही बसतात. खरी ओढाताण तिथेच झाली. ऑगस्ट २००७ मध्ये स्वीडनमध्ये ऐन मतदानाच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या भागीदार कंपन्या समितीत शिरल्या. पाठिंब्याच्या बदल्यात जाहिरातीसाठी मदत देऊ करणारं एका कर्मचाऱ्याचं पत्र उघड झालं. मत रद्द झालं खरं, पण कारण दिलं गेलं एका सभासदाने दोनदा मत दिल्याचं!

आपल्याकडे हा निर्णय भारतीय मानक ब्युरोच्या समितीकडे होता. भारताने २००७ मध्ये ‘नाही’ म्हटलं. त्या फेरीत ठराव पडला. दोन तृतीयांश हवे असताना मतदानाचा पूर्ण हक्क असलेल्या देशांपैकी ५३ टक्केच बाजूने होते. मग फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवसांची बैठक झाली. हजारावर हरकतींची उत्तरं पाच दिवसांत! बहुतेक मुद्द्यांवर चर्चा झालीच नाही, एकगठ्ठा मतदान झालं. मार्चमध्ये तोच आकडा ७५ टक्क्यांवर गेला. भारताचं उत्तर पुन्हा ‘नाही’च होतं.

ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि भारत या चौघांनी अपील केलं. ऑगस्टमध्ये ते फेटाळलं गेलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मानक प्रसिद्ध झालं. श्रीमंत देशांपैकी एकही या चौघांत नव्हता, हे मला विसरता येत नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं. मानक वापरायला स्वामित्वशुल्क पडू नये, हा त्याचा गाभा. २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस मात्र एक्सेलच्या तक्त्यात आजही भेटतो.