शिळे तुकडे ते धान्याची बँक

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धान्यबिन्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. धम्म, संघ, बाबासाहेबांची चळवळ यांवर लेख असावेत, डाळ-तांदळावर काय लिहायचे? पण आम्हाला वाटते की अन्न कोणी, कोणाला आणि कशा रीतीने दिले, याच्या इतिहासात आपल्या समाजाचाही इतिहास दडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून तो उपाशीपोटी तथागतांच्या प्रवचनाला आला. तोवर तथागत थांबून राहिले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच उपदेश केला. भुकेल्या माणसाच्या कानात धम्म शिरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आधी भाकर, मग भाषण!

आता बँकेकडे वळू. 'फूड बँक' हा शब्द अलीकडे पेपरात वारंवार येतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात १९६७ साली पहिली फूड बँक निघाली. जॉन व्हॅन हेंगेल हे निवृत्त गृहस्थ तिथल्या गरिबांच्या भोजनालयात सेवा करीत. एकदा त्यांना दहा मुलांची एक आई भेटली. दुकानांनी फेकून दिलेल्या मालातून ती मुलांचे पोट भरत असे. ती म्हणाली, बँकेत जसे पैसे ठेवतात आणि लागतील तेव्हा काढतात, तशी अन्नाची जागा का असू नये? व्हॅन हेंगेल यांनी ते बोल मनावर घेतले. सेंट मेरी चर्चने ३,००० डॉलर आणि एक जुनी इमारत दिली. दुकानदार व शेतकऱ्यांकडचा, खायला चांगला पण विकला न जाणारा माल तिथे जमा होऊ लागला. १९८४ मध्ये पॅरिसला फूड बँक निघाली आणि २००० साली इंग्लंडात सॅलिसबरीला. अमेरिकेच्या देशव्यापी जाळ्यात आज सुमारे २०० फूड बँका आहेत.

म्हणजे ही कल्पना कुणा साहेबाच्या डोक्यातून निघाली नाही, एका भुकेल्या आईच्या तोंडून निघाली. आणि ती बाई भीक मागत नव्हती, खाते मागत होती.

पण बँकेत ठेव ठेवून अन्नाची सोय करणे आपल्या मातीला नवीन आहे का? मुळीच नाही. नाशिकची पांडवलेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. सहलीला जातो, फोटो काढतो, पण भिंतीवरची अक्षरे वाचायची राहून जातात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. त्याने ४,००० कार्षापणांना एक शेत विकत घेऊन दान दिले. कशासाठी? तर या लेण्यात राहणाऱ्या, चारही दिशांहून येणाऱ्या भिक्षूंना त्यातून अन्न मिळावे म्हणून. लेखात त्यासाठी 'मुखाहार' असा साधा शब्द आहे. हा कुठला, तो कुठला, असा भेद त्यात नाही.

त्याच लेण्यात दुसरी नोंद आहे ती ठेवीची. उषवदाताने गोवर्धन येथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. हिशेब करून पाहा, वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस बारे दोनशेचाळीस! पैसा सांभाळणारे कोण, तर हाताने काम करणारे विणकर. दाता गेला तरी दान बंद पडू नये, अशी ती व्यवस्था होती. याला 'अक्षयनीवी' म्हणत.

हा वारसा मागे पडला आणि त्याच महाराष्ट्रात अन्न देण्याची दुसरी रीत रूढ झाली. ती आपल्या आजी-आजोबांनी भोगली. गावकीची कामे करायची, सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार 'भाकर वाढा माय' म्हणून उभे राहायचे. वरून टाकलेला शिळा तुकडा पदरात झेलायचा. पोट भरायचे, पण मान खाली जायची. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा. आज हे सोपे वाटते. तेव्हा तो तुकडा सोडणे म्हणजे घरात उपास काढणे होते. तरी आपल्या लोकांनी तो सोडला. चवदार तळ्याचे पाणी आपण अभिमानाने आठवतो, तसा हा सोडलेला तुकडाही आठवला पाहिजे.

मानाने जेवू घालणारेही याच मातीत झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात महात्मा जोतीराव फुले, सावित्रीमाई आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे भाऊरावांची 'मुष्टिफंडा'ची रीत गावोगाव गेली. घरच्या बाईने दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे. मूठ छोटी, पण रोजची. त्या मुठींवर पोरे शिकली. उषवदाताच्या हजारोंच्या ठेवीइतकीच आम्हाला ही मूठ मोठी वाटते.

सरकारनेही हा मार्ग धरून पाहिला. आदिवासी भागात पावसाळ्यात कोठार रिकामे झाले की लोक सावकाराकडून दिढी-सवाईने धान्य उचलत. म्हणून १९९६-९७ मध्ये महाराष्ट्रासह ११ राज्यांत गावपातळीवर धान्य बँकांची योजना सुरू झाली. अडचणीच्या वेळी उसने न्यायचे आणि सुगीला परत भरायचे. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला आणि प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. हा हक्क कुणाच्या दयेचा नाही, कायद्याचा आहे. तो सोडून दानावर विसंबू नये, हे आम्ही आवर्जून सांगतो. चांगली फूड बँक चालली म्हणून रेशन दुकानदाराला जाब विचारायचे थांबता कामा नये.

मग वस्तीत धान्य गोळा कशाला करायचे? कारण रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ-तेलाचे काय? कामासाठी परगावाहून आलेल्या कुटुंबाचे कार्ड इथे नसते. म्हाताऱ्या माणसाचा मशीनवर अंगठा लागत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रोजंदारीवाल्यांची चूल कशी विझली, ते आपण सगळ्यांनी पाहिले. आणि किटची पिशवी हातात देताना काढलेले फोटोही पाहिले. घेणाऱ्याची नजर खाली, देणाऱ्याची कॅमेऱ्याकडे! अशा वेळी आम्हाला तो वरून टाकलेला तुकडा आठवतो.

म्हणून विहारात धान्याचा डबा ठेवायचा असेल, तर इतिहासाने शिकवलेले एवढे पाळावे. आपल्या घरी जे शिजते तेच द्यावे. किडलेली डाळ, तारीख उलटलेले पुडे, सणाचे उरलेले, हे दान नव्हे, ते घर साफ करणे झाले. डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत रोटी बँक निघाली, तिथेही शिळे नको, ताजी पोळी-भाजी आणा, असाच नियम ठेवला गेला. दुसरे, थोडे द्यावे पण दर महिन्याला द्यावे. जयंतीला पोतेभर आणि पुढे वर्षभर काही नाही, याने कोणाची चूल पेटत नाही. आलेल्या-गेलेल्या मालाची वही ठेवावी आणि ती कोणालाही पाहता यावी. जुना माल आधी वाटावा, नवा मागे ठेवावा. मात्र नेणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहू नये, फोटो तर नकोच. आणि ज्याला शक्य होईल त्याने पुढे मूठभर परत भरावे, म्हणजे आजचा घेणारा उद्याचा देणारा होईल. जात-धर्म तर विचारूच नये. लेण्यातल्या त्या लेखाने 'चारही दिशांचे' म्हटले आहे, ते आपण दोन दिशांचे कशाला करावे?

आपल्या आजीने एके दिवशी पदर पसरणे थांबवले, म्हणून आपण आज ताठ मानेने देऊ शकतो. आपण देताना दुसऱ्या कुणाच्या आजीला पदर पसरावा लागू नये, एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!