परळची वस्ती आणि सरासरीचें गणित



एखाद्या वस्तीचें उत्पन्न वाढलें असें कानांवर आलें, म्हणजे तेथील माणसें सुखवस्तु झालीं अशी आपली सहज समजूत होते. ती कितपत खरी आहे, हें मुंबईच्या परळ-लालबाग भागाच्या इतिहासावरून आज पाहावयाचें आहे.

गिरण्यांच्या पूर्वीं परळ हें थोरामोठ्यांचें ठिकाण होतें. गव्हर्नरांचा निवास तेथेंच असे. १८८२ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी तेथें पटकीनें वारली आणि पुढें गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटकडे गेला. १८९९ सालीं त्याच वास्तूंत डॉ. हाफकिन यांची प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. धनिक निघून गेले, तीं जागा श्रमिकांनीं भरून काढली.

कावसजी दावर यांची मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं ताडदेव येथें चालूं झाली. पाठोपाठ चिमण्यांची रांग उत्तरेकडे सरकत परळपर्यंत गेली. रत्नागिरी, सातारा व घाटावरील इतर मुलुखांतून माणसें आलीं. बहुतेक पुरुष एकटे, बायकामुलें गांवीं. एका गांवच्या लोकांनीं मिळून एक खोली घ्यावी, पाळीपाळीनें निजावें, खाणावळींत जेवावें आणि महिन्याकांठीं घरीं मनिऑर्डर धाडावी, असा तो संसार होता. म्हणजे परळांत मिळविलेला पैसा पुष्कळसा कोंकणांत व घाटावर खर्च होई.

कामगारांतही मिळकत सारखी नव्हती. साचेखात्यांतील विणकराला अधिक मजुरी पडे; आणि धागा तोंडानें ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना नेमकें त्याच खात्याचें दार बंद होतें. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला.

हळूहळू कुटुंबें येऊन स्थिरावलीं. १९२० नंतर सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतों. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें १९४० च्या सुमारास होतें तेथेंच थोपविलें. मालकांनीं दुरुस्तीकडे पाठ फिरविली हें खरें. पण गिरणीकामगाराच्या डोक्यावरचें छप्पर टिकलें, हेंही तितकेंच खरें. नियमित पगार आणि बेताचें भाडें या दोहोंच्या आधारावर त्यांचीं मुलें शिकलीं.

यांतील पहिला आधार १९८२ सालीं ढासळला. त्या वर्षाच्या १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. पुष्कळांना पुन्हां गिरणीचें तोंड दिसलें नाहीं. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाला, कोणी खोली विकून डोंबिवली-विरारकडे गेला. याच सुमारास जमिनीचें मोल चढत गेलें. कापडापेक्षां गिरणीखालची जमीनच अधिक किफायतशीर ठरली. १९९१ च्या नियमानें ही जमीन विकसित करतांना साधारण एक वाटा शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना व एक मालकाला, अशी वांटणी ठरली. २००१ सालीं नियम बदलला. वांटणी फक्त मूळच्या रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन्ही वांटे आक्रसले. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल ग्राह्य धरला. फिनिक्स गिरणीच्या आवारांत भव्य बाजार उभा राहिला. इतरत्र कचेऱ्या व गगनचुंबी इमारती झाल्या.

आतां सरासरीचें गणित पाहूं. एका वर्गांत दहा मुलें आहेत. पांचांना तीस गुण, पांचांना पन्नास. सरासरी चाळीस. तीस गुणांचीं पांच मुलें वर्ग सोडून गेलीं आणि त्यांच्या जागीं नव्वद गुणांचीं पांच आलीं, तर सरासरी सत्तर होते. मात्र जुन्या मुलांपैकीं एकाचाही एक गुण वाढलेला नसतो! परळचें बरेंचसें असेंच झालें. वस्तीची मिळकत वाढली. ती वस्तीकरांचीच वाढली असें म्हणतां येत नाहीं.

जनगणनेचा एक आंकडा येथें बोलका आहे. दक्षिणेकडील जुन्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ३३,३८,०३१ होती. २०११ सालीं ती ३०,८५,४११ झाली. मजले चढत असतांना माणसें घटलीं.

दुसरी वाटही आहे. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्बांधणींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागीं मूळ रहिवाशाला तेथेंच ५०० चौरस फुटांचें घर देण्याची योजना आखली गेली. त्या घराचा रोजचा खर्च त्याला पेलला आणि तो तेथें राहिला, तरच वस्ती सुधारली असें म्हणावें. तेव्हां एखाद्या भागाची भरभराट झाली असें कोणी सांगितलें, तर आपण एवढेंच विचारावें: पूर्वींचे लोक आतां कोठें आहेत?