एकतिसातली कितवी?

आसेगावात आमच्या शेजाऱ्यांकडे नवा ट्रॅक्टर आला तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि दोन दिवसांनी मंगरूळपीरहून एजंट आला. त्यानं ट्रॅक्टरकडे धड पाहिलंसुद्धा नाही. वाकून लोखंडावर कोरलेला नंबर शोधला, फडक्यानं पुसला, त्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागला. कागदावर हळूहळू अक्षरं उमटली. मी टक लावून पाहतोय हे बघून तो म्हणाला, "हा ट्रॅक्टरचा सातबारा हाये बाबू. रंग बदलवला, मालक बदलवला, तरी हा नाही बदलत."

त्याच सुमारास, २००४ साली, 'टार्झन: द वंडर कार' आला. आम्ही तो नंतर केबलवर पाहिला, आणि पुढे किती वेळा पाहिला याची गणती नाही. त्यातली गाडी टोयोटा एमआर२ या जपानी गाडीवर बेतलेली होती आणि ती बनवली होती मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या 'डीसी डिझाइन'नं. अशी गाडी आपल्याकडे बनू शकते, ही गोष्ट त्या वयात फार मोठी वाटली. पेन्सिलीनं उमटवलेला तो नंबर आणि ही गाडी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं. हा लेख त्या संबंधाविषयी आहे.

मर्यादित संख्येत निघणाऱ्या सुपरकारचा इतिहास वाचायला लागलं की लक्षात येतं, की तो वेगाचा इतिहास नाहीच, मोजणीचा आहे. 'अशा फक्त इतक्याच' हे वाक्य काढून घेतलं तर त्या गाडीची निम्मी किंमत उडून जाते. पण हे वाक्य मुळात उलट्या अर्थानं जन्माला आलं. आकडा आधी 'किमान' होता, 'कमाल' नंतर झाला.

शर्यतींच्या नियमांत होमोलोगेशन नावाचा प्रकार असतो. कंपनीनं एखादी गाडी ठरावीक संख्येनं खरोखर बनवली आहे हे सिद्ध केलं, तरच ती त्या गटात धावू शकते. हेतू असा, की एखाद्या धनाढ्य संघानं एकच चमत्कारिक यंत्र बनवून शर्यत मारून नेऊ नये. १९६९ साली पाच लिटरपर्यंतच्या इंजिनांच्या गटात हा आकडा २५ होता. पोर्शनं ९१७ ही गाडी त्याच नियमावर बोट ठेवून बनवली. पहिल्या तपासणीला जेमतेम काही गाड्या उभ्या होत्या, बाकीच्यांचे सुटे भाग होते. तपासनीस म्हणाले, पूर्ण गाड्या दाखवा. मग २१ एप्रिल १९६९ रोजी कारखान्याच्या आवारात पंचवीसच्या पंचवीस ९१७ एका ओळीत उभ्या केल्या गेल्या. तो फोटो आजही मोटारप्रेमींच्या भिंतींवर दिसतो. पाहताना तो वैभवाचा वाटतो, पण खरं तर तो हजेरीचा फोटो आहे.

सगळेच इतके सरळ नव्हते. पुढे ग्रुप बी नावाचा गट आला, त्याला २०० गाड्या लागत. लान्चिया ०३७ या रॅलीच्या गाडीबद्दल एक किस्सा हमखास सांगितला जातो. तपासनिसांना एका मैदानात निम्म्या गाड्या दाखवल्या, मग त्यांना निवांत जेवायला बसवलं आणि तेवढ्या वेळात त्याच गाड्या दुसऱ्या मैदानात नेऊन उभ्या केल्या. एक गाडी, दोन नोंदी. किस्सा ऐकून हसू येतं. तो लक्षात असू द्या, शेवटी पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

याच गटासाठी फेरारीनं १९८४ मध्ये २८८ जीटीओ काढली. लागत होत्या २००, बनल्या २७२. पण १९८६ मध्ये जीवघेण्या अपघातांमुळे ग्रुप बी गुंडाळला जाणार हे ठरलं आणि शर्यतीचं कारणच संपलं. गंमत म्हणजे कारण संपलं तरी गिऱ्हाईक संपलं नाही. 'थोड्याच आहेत' हीच गोष्ट आता विकता येत होती. किमान आकड्याचा कमाल आकडा झाला तो इथे.

मग या नव्या आकड्याचीही ओढाताण सुरू झाली. १९८७ च्या फेरारी एफ४० चे सुरुवातीचे बेत सुमारे ४०० गाड्यांचे होते, प्रत्यक्षात तेराशेच्या वर निघाल्या. जग्वारची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९८८ साली बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात त्यांनी एक्सजे२२० दाखवली तेव्हा तिच्यात बारा सिलिंडरचं इंजिन होतं आणि चारही चाकांना ताकद मिळत होती. लोकांनी भरभक्कम अनामत रकमा भरल्या. १९९२ मध्ये गाडी आली ती सहा सिलिंडरची, दोन टर्बोंची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, आणि तोवर जगात मंदीही आली होती. गिऱ्हाइकांनी अंग काढून घ्यायला सुरुवात केली, प्रकरण कोर्टात गेलं. ठरल्या होत्या ३५०, बनल्या पावणेतीनशेच्या आसपास. गाडी वाईट नव्हती, एकेकाळी ती जगातली सर्वांत वेगवान गाड्यांपैकी होती. पण दाखवलेलं एक आणि दिलेलं दुसरं, ही सल तिला कायम चिकटली.

आकडा प्रामाणिक असला की काय होतं, याचं उदाहरण मॅकलारेन एफ१. एकूण १०६ बनल्या. १९९५ च्या 'ल मॉं' शर्यतीत या गाडीच्या पाच प्रती शेवटपर्यंत धावल्या, म्हणून 'एलएम' ही आवृत्ती पाचच जणांना विकली आणि तिचा एक नमुना कंपनीनं स्वतःकडे ठेवला. इथे आकडा जाहिरात विभागाच्या बैठकीत ठरला नाही, एका घडलेल्या गोष्टीतून आला. म्हणूनच पाच म्हणजे पाच, यावर कुणी शंका घेत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठी मुलखाचा या विषयाशी संबंध तसा जुना आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी तिशीच्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे मागवली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून करून घेतली. ड्युसेनबर्गची सर्वांत लांब चासी, आणि बसायला जागा दोघांना. ही आवृत्ती एकातली एक. पण तिथे यंत्र अमेरिकेचं, कारागिरी इंग्लंडची, आपल्याकडचे फक्त पैसे आणि हौस. स्वातंत्र्यानंतर प्रश्न उरला तो असा: इथे, इथल्या हातांनी अशी गाडी बनेल का?

गोव्यात नव्वदीच्या शेवटी 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी गाडी बनू लागली. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. सुपरकार म्हणावी अशी ती मुळीच नव्हती, पण छोट्या कारखानदारानं थोड्या संख्येत वेगळी गाडी काढायची तर वाट कशी असते, ते तिनं दाखवलं. बॉडी आपण घडवायची आणि इंजिन विकत घ्यायचं. इंजिन नव्यानं तयार करून त्याच्या धुराच्या चाचण्या पार पाडणं लहान कंपनीच्या आवाक्याबाहेरचं असतं.

छाब्रियांनी हीच वाट धरली, पण आकांक्षा मोठी होती. अमेरिकेत पासाडेनाच्या प्रसिद्ध आर्ट सेंटरमध्ये शिकून, जनरल मोटर्समध्ये थोडं काम करून ते मुंबईत परतले होते. दुसऱ्यांच्या गाड्यांची रूपं बदलण्यात त्यांचं नाव झालं होतं. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत त्यांनी 'अवंती' दाखवली, आणि भारतीय सुपरकार म्हणून तिच्या बातम्या झाल्या. पुण्यात तिचं उत्पादन सुरू झालं. प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या दारात गाडी यायला २०१५ उजाडलं. इंजिन मधोमध, सीटांच्या मागे. तेही रेनॉचं, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, सुमारे २५० अश्वशक्तीचं. किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. युरोपच्या मोजमापानं ही सुपरकार नव्हे असं अनेकांनी लिहिलं, आणि आकड्यांत ते खरंही होतं. पण त्या किमतीत मागे इंजिन असलेली, जमिनीला चिकटून धावणारी गाडी आपल्याकडे दुसरी कुठली होती?

२०१७ मध्ये तिची मर्यादित आवृत्ती आली: अवंती ३१०. इंजिन तेच, ताकद वाढवून ३१० अश्वशक्ती. किंमत सुमारे ४४ लाख. संख्या ३१. तीनशे दहा आणि एकतीस, जुळणी उघडच आहे. मॅकलारेनचे पाच एका शर्यतीतून आले होते, हे एकतीस नावातून आले. तरीही मला तो आकडा वाचून आनंद झाला होता. पुण्यात बनलेल्या गाडीची, मोजून एकतीस नगांची आवृत्ती! वाटलं, कधीतरी एखादीच्या डॅशबोर्डावर वाकून पाहू, एकतिसातली कितवी ते.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं छाब्रियांना अटक केली. मुंबईत पकडलेल्या, तामिळनाडूत नोंदवलेल्या एका अवंतीचाच इंजिन आणि चासी क्रमांक हरियाणातही नोंदवलेला आढळला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आरोप असा, की कंपनीनं स्वतःच गिऱ्हाईक बनून वित्तसंस्थांकडून आपल्याच गाड्यांवर कर्ज उचललं आणि एकेका गाडीवर एकाहून अधिक कर्जं काढली गेली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, दोष कुणाचा ते ठरवणं कोर्टाचं काम आहे. पण आरोपाचं स्वरूप वाचून मी सुन्न झालो, कारण बोट अगदी त्या एका गोष्टीवर ठेवलेलं होतं जिच्यावर या गाड्यांचं सगळं मोल उभं असतं.

आमच्या कामात डेटाबेस बनवताना पहिला नियम शिकवतात: प्रत्येक नोंदीला एक ओळख हवी आणि ती दुसऱ्या कुणाची असता कामा नये. संगणक हे तपासतो, पण त्याला जेवढा तक्ता दिसतो तेवढ्यातच. भारतात गाडीची नोंदणी राज्यांच्या आरटीओंकडे असते. दोन तक्ते एकमेकांशी बोलत नसतील, तर दोन्हीकडे तोच क्रमांक बिनबोभाट बसू शकतो आणि दोन्ही तक्ते आपापल्या जागी निर्दोष दिसतात. लान्चियाचा किस्सा आठवा. तिथे एक गाडी दोन मैदानांत मोजली गेली, आणि तपासनीस एका वेळी एकच मैदान पाहत होता.

हे समजायला गावाकडच्या माणसाला डेटाबेस लागत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, कर्ज फिटलं की उतरतो. एकाच गटावर दोन बँकांनी एकमेकींच्या नकळत बोजा चढवला तर काय होईल, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. गाडीच्या आरसी बुकात कर्ज देणाऱ्याचं नाव लिहितात तोही बोजाच. एजंटानं मला सांगितलेली उपमा त्याला वाटली त्याहून जास्त खरी होती.

यात सर्वांत जास्त नुकसान कुणाचं? माझ्या मते, ज्यांनी सरळ पैसे मोजून गाडी घेतली त्यांचं. फेरारीनं चारशेच्या तेराशे केल्या तरी प्रत्येक एफ४० वर तिचा स्वतःचा, वेगळा क्रमांक आहे. आकडा वाढला तर किंमत पडते एवढंच. पण क्रमांकच संशयात सापडला तर विकत घेणारा प्रत्येक अवंतीकडे त्याच नजरेनं बघणार. दुसरं नुकसान त्या कारागिरांचं. फायबरचे साचे घासणारे, वायरिंग ओढणारे, दारं जुळवणारे. 'आपल्याकडे सुपरकार बनली' या वाक्याच्या मागे आता कायम एक 'पण' लागणार. पुढे कुणी पुण्यात किंवा कोइमतूरमध्ये पन्नास गाड्यांचा बेत घेऊन बँकेत गेला, तर त्याच्या फाईलवरही या 'पण'ची सावली पडेल.

आणि तरी ती गाडी बनली होती, हेही खरंच आहे. रस्त्यावर धावली, मुलांनी तिच्यामागे पळत फोटो काढले. तिचा इतिहास कधी नीट लिहायचा झाला तर माहितीपत्रकांपासून सुरुवात करून भागणार नाही. कुणीतरी एकेका मालकाकडे जावं, बॉनेट उघडून वाकावं, फडक्यानं नंबर पुसावा, पातळ कागद ठेवावा आणि पेन्सिल आडवी धरून घासावी. सगळे कागद एका टेबलावर मांडावेत. मगच सांगता येईल, एकतिसातली कितवी.